गुऱ्हाळाचा धूर अकरा वाजता जातो कुठं?

माळावरली | रविवार, सकाळी ११:४०

माहेरी आले आहे. करवीर तालुक्यात नदीच्या अलीकडं आमचं गुऱ्हाळ आहे, आजोबांपासूनचं. आज पहाटे लेकीला घेऊन जोतिबाच्या डोंगरावर गेले होते. साडेसहाला वरून खाली बघितलं तर सगळं खोरं धुरानं भरलेलं. वरून कुणी फळी दाबून धरावी तसा सपाट धूर, आणि त्यातून गुऱ्हाळांची धुराडी तेवढी वर आलेली. घरी पोचायला अकरा वाजले तर आभाळ स्वच्छ.

लेक तिसरीत आहे. तिनं विचारलं, "आई, एवढा धूर गेला कुठं?" म्हटलं, वाऱ्यानं नेला. "वाऱ्यानं कुठं नेला?" इथं मी अडकले. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "आभाळात विरला बाळ." लहानपणी मलाही हेच सांगितलं होतं त्यांनी.

पण विरला म्हणजे नेमकं काय झालं? साखर पाण्यात विरघळते तसा, आहे पण दिसत नाही? की चुलवाणातलं चिपाड जळून संपतं तसा खरोखर संपला? या दोन्हींत मला फार फरक वाटतो. पहिलं असेल तर माझ्या जन्माआधीपासूनचा आमच्या काहिलीखालचा धूर अजून कुणाच्या तरी छातीत जातोय.

रसायनशास्त्र कळणाऱ्यांनी सोपं करून सांगा. मी कॉमर्सची.

पेठेतला | रविवार, दुपारी १२:०५

आपल्याकडं जाळ आन् धूर संगटच म्हणत्यात, आणि ताईंनी जाळ सोडून एकट्या धुराचा पत्ता विचारला! नाद खुळा प्रश्न. बसलोय हितंच, उत्तर मिळंस्तोवर हलत नाही.

बांधावरून | रविवार, दुपारी १२:३०

ताई, वाऱ्यानं कुठं नेला ते मी सांगतो. आमच्याकडं. आमचं शेत गुऱ्हाळापासून अर्ध्या कोसावर आहे. हंगामात पहाटे पाणी पाजायला गेलं की डोळ्याला धार लागते. तक्रार म्हणून सांगत नाही, माझाच ऊस तिथं जातो.

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी ३:१५

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. ते आधी वेगळे करू.

अकरा वाजता धूर दिसेनासा होतो तो मोडल्यामुळं नव्हे. हिवाळ्याच्या रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होऊन खोऱ्यात बसते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण. तुम्हाला दिसलेली 'फळी' ती हीच. धुराला शंभर-दोनशे मीटरच्या वर जाता येत नाही. ऊन चढून जमीन तापली की झाकण फुटतं आणि तोच धूर हजार-दीड हजार मीटर उंचीच्या हवेत कालवला जातो. म्हणजे अकरा वाजताचं उत्तर तुमच्या साखरेचं: आहे, पण पातळ झाला.

खरं मोडणं चालू असतं ते वेगळं, आणि ते मुख्यतः एकच जण करतो. त्याचं नाव हायड्रॉक्सिल. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, बस. पाण्याच्या रेणूतला एक हायड्रोजन काढून घेतल्यावर जे उरतं ते. अर्धवट असल्यामुळं तो समोर येईल त्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो आणि स्वतः पाणी होतो. सेकंदभरही टिकत नाही. एक घनसेंटिमीटर हवेत, म्हणजे एखाद्या बोराएवढ्या जागेत, २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. त्यात हायड्रॉक्सिल किती? दिवसाउजेडी दहा लाखांच्या घरात. एवढे विरळ, पण बहुतेक सेंद्रिय वायूंची सुरुवातीची मोडतोड यांच्याच हातून होते. जमिनीलगतच्या हवेत असं घडत असावं हे हायरम लेव्ही या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९७१ साली मांडलं. फार जुनी गोष्ट नाही, मी तेव्हा शाळेत होतो.

हायड्रॉक्सिल तयार व्हायला ऊन लागतं आणि वाफ लागते. ओझोनवर अतिनील किरण पडला की ऑक्सिजनचा एक तापट अणू सुटतो, तो पाण्याच्या रेणूला धडकतो आणि दोन हायड्रॉक्सिल होतात. म्हणून उष्ण कटिबंधात हे धुणं सगळ्यात जोरात चालतं. कोल्हापूर १६.७ अंशांवर, म्हणजे आपण त्या धोबीघाटातच राहतो.

ओतारी | रविवार, रात्री ९:५०

मास्तर, मनापासून आभार. मी शिरोलीत फाउंड्रीत आहे, बावीस वर्षं झाली. साच्याच्या वाळूत कोळशाची पूड असते, कोअरला (साच्यात पोकळीसाठी ठेवतात तो वाळूचा गाभा) रेझिन असतं, वाळू धरून ठेवणारं चिकट रसायन. वितळलेलं लोखंड ओतलं की साच्याच्या फटींतून निळसर ज्योती निघतात आणि एक गोडसर-कडवट वास येतो. तो वास अंगातल्या शर्टाला घरापर्यंत येतो. सुरुवातीला एका जुन्या कारागिरानं सांगितलं होतं, "वर गेला की संपला, छातीत नको घेऊस." तुमचं वाचून विचारतो, वर गेला की किती वेळात संपतो?

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ७:२०

ओतारी, रेणूगणिक वेगळं. खालचे आकडे ढोबळ आहेत. एवढ्या वेळात साधारण दोन तृतीयांश माल मोडतो असं समजा, सगळा नव्हे.

तुमच्या साच्यातून निघणाऱ्यात बेंझीन असतं. कोळशाची पूड आणि रेझिन दोन्ही तापल्यावर ते देतात. बेंझीनचं कडं हट्टी असतं, हायड्रॉक्सिलला सहज दाद देत नाही. त्याला नऊ-दहा दिवस लागतात. त्याच कड्याला एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) लागला की झालं टोल्युइन, ते दोन दिवसांत. दोन गट लागले की झायलीन, ते अर्ध्या दिवसात. आणि मिथेन, एवढासा रेणू, त्याला जवळपास नऊ वर्षं.

आता नऊ-दहा दिवसांचा हिशेब करा. वारा तासाला दहा किलोमीटर धरला तरी दहा दिवसांत २४०० किलोमीटर. शिरोलीचं बेंझीन पुरतं मोडेपर्यंत देश ओलांडून जाईल. पण छातीत जायचं ते ओतकामाशेजारीच सगळ्यात जास्त जातं, कारण तिथं ते पातळ झालेलं नसतं. जुन्या कारागिराच्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग बरोबर होता.

कातडीकाम | सोमवार, सकाळी १०:१०

टोल्युइन म्हणजे आमच्या सोल्युशनमधलं ना? चपलेचा तळ चिकटवायला काही जण वापरतात. आमच्या घरात आजा फक्त शिवायचा, वादीनं. सोल्युशनचा डबा उघडला की डोकं गरगरतं. दोन दिवस म्हणताय ते बाहेरच्या हवेत ना? माझी खोली दहा बाय दहा, खिडकी एक.

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी १०:४०

फक्त बाहेरच्या हवेत, आणि तेही उन्हात. खोलीत हायड्रॉक्सिल फार कमी. आत मोडायची वाट बघू नका, खिडकीत बाहेर फेकणारा पंखा बसवा. डब्याचं झाकण काम नसताना लावत जा. हे आजच करा.

सांगावचा | सोमवार, दुपारी १:२५

सगळं वाचलं. माझं थोडं वेगळं मत. हवा स्वतःला धुते, सूर्य फुकटात काम करतो, दोन-चार दिवसांत सगळं मोडतं, तर मग गुऱ्हाळवाल्यांच्या आणि फाउंड्रीवाल्यांच्या मागं का लागायचं? चारशे वर्षं धूर होतोय. निसर्गानं सोय केलीय म्हणायचं.

एमएस्सी_दुसरं_वर्ष | सोमवार, सायंकाळी ६:०५

सांगावचा, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. कारण 'मोडतो' या शब्दातच फसगत आहे. मोडतो म्हणजे एका फटक्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होत नाही. त्याला पायऱ्या आहेत आणि मधल्या पायऱ्या कधीकधी मूळ धुरापेक्षा वाईट असतात.

हायड्रॉक्सिलनं हायड्रोजन ओढला की उरलेला तुकडा लगेच हवेतला ऑक्सिजन धरतो. त्याला पेरॉक्सी म्हणतात. गाड्यांच्या आणि भट्ट्यांच्या धुरात नायट्रिक ऑक्साइड असतं. पेरॉक्सी त्याला आपल्याकडचा एक ऑक्सिजन देऊन नायट्रोजन डायऑक्साइड बनवतो. त्यावर ऊन पडलं की एक ऑक्सिजन अणू सुटतो, तो हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो, आणि झाला ओझोन. नायट्रिक ऑक्साइड परत मोकळं, पुढच्या फेरीला तयार. धुराचा एक रेणू शेवटच्या पायरीपर्यंत मोडेतोवर असे कितीतरी ओझोन बनवून जातो.

वर उंचावरचा ओझोन आपल्याला वाचवतो, पण नाकासमोरचा ओझोन फुप्फुसाला जाळतो. आणि हे सगळं व्हायला तास-दोन तास लागतात, तोवर हवा पुढं सरकलेली असते. म्हणून ओझोन धुराच्या गावात कमी आणि वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या गावात जास्त सापडतो. बांधावरून यांचे डोळे पहाटे चुरचुरतात ते ताज्या धुरानं. पण दुपारी दोन-तीन वाजता, आभाळ स्वच्छ असताना, कधी घसा खवखवला तर तो याचा परिणाम असू शकतो.

बांधावरून | सोमवार, सायंकाळी ६:४०

दुपारी खवखवतो. मी आजवर ते उसाच्या पात्याच्या कुसळावर ढकलत होतो.

श्वास_घ्या | सोमवार, रात्री ८:३०

मी डॉक्टर आहे, छातीचे आजार बघते. कुसळही असू शकतं हो, दोन्ही असू शकतं. पण दम्याच्या रुग्णांना मी उन्हाळ्यात सांगते की पळणं, खेळणं सकाळी उरका, भर दुपारी नको. त्यामागचं एक कारण ओझोन. आपल्याकडची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागं १०० मायक्रोग्रॅम आहे. २००९ च्या त्याच राष्ट्रीय मानकांत बेंझीनला वर्षाच्या सरासरीनं ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि बेंझोपायरीनला फक्त १ नॅनोग्रॅम, म्हणजे बेंझीनच्या पाच हजारांश. त्यावरून ते काय प्रतीचं विष आहे ते कळेल. पाचट, लाकूड, टायर, कोळसा, सगळ्याच्या अर्धवट जळण्यातून ते येतं.

आणि कोल्हापूर हे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या, मानकं न पाळली गेलेल्या शहरांच्या यादीत आहे. आपण 'पंचगंगेकाठची मोकळी हवा' म्हणून निर्धास्त राहू नये, एवढंच कळकळीनं सांगते.

पेठेतला | सोमवार, रात्री ९:००

टायरचा विषय निघालाच तर बोलतो. एका गुऱ्हाळावर मागं चुलवाणात फाटके टायर घालताना डोळ्यानं बघितलेत. जळव्याला विचारलं तर म्हणाला, चिपाड ओलं हाय, जाळ धरत न्हाई. गूळ घेऊन आलो, पण घरी खायला मन झालं नाही. आईनं विचारलं काय झालं, तिला सांगितलं, तिनंही डबा बाजूला ठेवला.

एमएस्सी_दुसरं_वर्ष | सोमवार, रात्री ९:३५

टायरमधून ब्युटाडाइन निघतं. ते मोडायला चार-पाच तास पुरतात, म्हणजे आकडा बघून कुणाला वाटेल चला, लवकर संपलं. पण मोडून काय होतं? ॲक्रोलीन आणि फॉर्माल्डिहाइड. तेल करपल्यावर स्वयंपाकघरात जो डोळ्याला झोंबणारा धूर येतो ना, त्यातला झोंबणारा मुख्य माल ॲक्रोलीनच.

गुळपोळी | सोमवार, रात्री १०:१०

म्हणजे फोडणीला ठसका लागतो तो ॲक्रोलीनचा?

एमएस्सी_दुसरं_वर्ष | सोमवार, रात्री १०:१५

मिरची टाकल्यावरचा ठसका कॅप्सेसिनचा. मिरची टाकायच्या आधीच धूर आला, तर तो तेलाचा. तांबड्या रश्श्याला दोष नाही.

सांगावचा | मंगळवार, सकाळी ८:४५

ओझोनचं पटलं. माझं म्हणणं मागं घेतो, अर्धं. अर्धं यासाठी की रात्रीचं काय? गुऱ्हाळं रात्रपाळीत चालतात. ऊन नाही, मग हायड्रॉक्सिल नाही, मग ओझोनही बनत नाही. रात्री धूर निरुपद्रवी झाला की.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी १२:१०

छान शंका. रात्री दुसरा गडी कामाला येतो, नायट्रेट मूलक. मूलक म्हणजे हायड्रॉक्सिलसारखाच अर्धवट, तापट रेणू. नायट्रोजन डायऑक्साइड आणि उरलेला ओझोन यांच्यापासून तो बनतो. दिवसाही बनतो, पण ऊन त्याला काही सेकंदांत फोडतं, म्हणून त्याचं राज्य अंधारात. बेंझीनला तो जवळपास हात लावत नाही, पण लाकूड-चिपाडाच्या धुरातल्या फिनॉलच्या जातीच्या रेणूंवर तुटून पडतो. त्यातून नायट्रोफिनॉल बनतात, ते पिवळट. जड असल्यामुळं ते वायूत राहत नाहीत, बारीक कणांवर बसतात. वायूचा कण झाला की तो गाळायला आपल्या नाकातले केस पुरत नाहीत.

बेंझोपायरीनचंही असंच. ते काजळीवर बसून प्रवास करतं. उघडं असेल तर ओझोन त्याला काही तासांत खातो. पण वर डांबरासारखा थर चढला की ते आत सुरक्षित राहतं. त्याच्या जातीचे रेणू आर्क्टिकच्या हवेत सापडतात ते असे.

बांधावरून | मंगळवार, दुपारी १:००

फवारणीच्या औषधांचं पण सांगा मास्तर. एंडोसल्फान आम्ही वडिलांच्या काळात मारायचो. २०११ साली सुप्रीम कोर्टानं बंद केलं. ते पण हवेत मोडत होतं का?

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी ४:३०

फार हळू. म्हणूनच त्याच वर्षी ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे सहज न मोडणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेलं. अशी रसायनं गरम प्रदेशात जमिनीवरून उडतात, गार प्रदेशात बसतात, ऊन आलं की परत उडतात. टोळ उड्या मारत जातो तशी उत्तरेला सरकत राहतात. आपल्या बांधावर फवारलेलं हिमालयाच्या बर्फात बसू शकतं.

आणि अगदी न मोडणाऱ्यांची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असावी. जुन्या फ्रिजमधला क्लोरोफ्लुरोकार्बन. त्यात हायड्रोजनच नाही, मग हायड्रॉक्सिल ओढणार काय? न मोडता तो वर ओझोनच्या थरापर्यंत गेला, तिथल्या तीव्र अतिनील किरणांत फुटला आणि त्यातल्या क्लोरीननं थर खाल्ला. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली हे सांगितलं, १९८७ साली मॉन्ट्रिऑलला करार झाला. पुढं जे पर्यायी वायू आणले, त्यांत मुद्दाम हायड्रोजन ठेवला, हायड्रॉक्सिलला पकडायला काहीतरी असावं म्हणून.

गुळपोळी | मंगळवार, सायंकाळी ५:२०

मग भरपूर झाडं लावली तर?

एमएस्सी_दुसरं_वर्ष | मंगळवार, सायंकाळी ५:५०

लावाच. पण निलगिरीसारखी झाडं स्वतःच आयसोप्रीन नावाचा सेंद्रिय वायू सोडतात. ते दोन-तीन तासांत मोडतं, आणि गाड्यांचं नायट्रिक ऑक्साइड सोबत असेल तर त्यातूनही ओझोन होतो. झाडाचा दोष नाही, दोष त्या सोबतीचा.

हे शोधणारा माणूसही वनस्पतींचाच अभ्यासक होता. आरी हागेन-स्मित, मूळचा डच. कॅलिफोर्नियात अननसाच्या वासाचं रसायन शोधत होता. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा डोळे झोंबणारं धुकं पडायचं. अननसाची वाफ पकडायच्या युक्तीनंच त्यानं शहराची हवा गोठवून पकडली. पुढं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की पेट्रोलची वाफ, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि ऊन एवढं एकत्र आलं की हे धुकं घरबसल्या बनतं. आणि ओझोन मोजायला त्यानं काय वापरलं? वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्ट्या. ओझोन रबराला चिरा पाडतो. चिरा किती वेळात आणि किती खोल, त्यावरून तो अंदाज घ्यायचा.

माळावरली | मंगळवार, रात्री ९:१५

दोन दिवस नुसती वाचतेय. सगळ्यांचे आभार. लेकीला झाकणाची गोष्ट सांगितली, तिला पटली. रबराची गोष्ट सांगितल्यावर मात्र ती उठून अण्णांच्या सायकलची जुनी ट्यूब कापायलाच निघाली.

ओतारी | मंगळवार, रात्री ९:४०

ट्यूब नको. हल्ली बहुतेक ट्यूब ब्युटाइल रबराच्या, त्यांना ओझोन फारसं काही करत नाही. भाजीच्या जुडीला असतं ते साधं रबरबँड घ्या, ते नैसर्गिक रबराचं असतं. ताणून लावा. सैल रबराला चिरा पडत नाहीत. आणि सावलीत ठेवा, नाहीतर उन्हानं तडकलं की ओझोननं ते कळायचं नाही. ओझोनच्या चिरा ताणाच्या आडव्या पडतात.

माळावरली | २६ दिवसांनी, रविवार, सकाळी ९:३०

धागा वर काढतेय. परत माहेरी आलेय.

लेकीनं तेव्हा चार रबरबँड लावले होते. दोन माडीच्या पडवीत, सावलीला, एका फळकुटावर खिळे मारून: एक ताणलेला, एक सैल. तसेच दोन घट्ट झाकणाच्या बरणीत. अण्णांनी तिला रोज बघून वहीत लिहायला लावलं. शाळेसाठी ती परत गेल्यावर तेच लिहीत होते, त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात: "आज फरक नाही." "आज फरक नाही." सतराव्या दिवशी: "ताणलेल्यावर रेघा दिसतात. भिंगातून पाहिले."

आज मी पाहिलं. बरणीतले दोन्ही जसेच्या तसे. पडवीतला सैलही धड आहे. ताणलेल्यावर केसाएवढ्या बारीक चिरा, सगळ्या आडव्या, ओतारी म्हणाले तशाच. बोटानं जरा ओढला तर तटकन तुटला.

अण्णा बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसले होते. मग त्यांनी मास्तरांना विचारायला सांगितलंय: धूर हवेत मोडायला एवढा त्रास, तर तो चुलवाणातच मोडता येत नाही का?

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ११:००

येतो. अण्णांना सांगा, धूर म्हणजे न जळलेलं जळण. ज्या रेणूला हवेत मोडायला दहा दिवस लागतात तो पुरेशा उष्णतेत आणि पुरेशा हवेत क्षणात जळून जातो. चिपाड नीट वाळलेलं हवं, ओलं असलं की बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते. एका वेळी चुलवाणाच्या तोंडात बदाबद कोंबायचं नाही, थोडं थोडं आणि सतत टाकायचं. खालून हवा यायला जाळी आणि राख वेळच्या वेळी काढलेली. धुराड्याच्या तोंडाशी धूर काळा दिसला की जळव्यानं हात आवरायचा. टायर, प्लास्टिक कधीच नाही.

माळावरली | रविवार, दुपारी १:४५

वाचून दाखवलं. टायर आमच्याकडं कधी घातला नाही. पण चिपाडाबद्दल अण्णा म्हणाले, हल्ली वाळवायला जागा पुरत नाही म्हणून दोन दिवसांतच आत जातं, पूर्वी आठवडाभर उन्हात पसरायचो. दादा आणि ते आत्ता मागच्या माळावर गेलेत, दगड वेचून जागा मोकळी करायला. लेक नवीन रबरबँड ताणून बसलीय, तिला पुढच्या महिन्यात परत मोजायचंय.